कोण आलंय?

आपल्या पूर्वजांनी वस्तूंना लिंगे वाटली तेव्हा कोणता न्याय लावला असेल, हे कोडे व्याकरणकारांनाही पुरते सुटलेले दिसत नाही. कळ ती, खटका तो आणि बटण ते. तिघांचे काम एकच, दाबले की दिवा लावायचा. मोटार बाई आहे, तिच्या पोटातले इंजिन नपुंसक आहे आणि त्या इंजिनाच्या जोरावर फिरणारा पट्टा पुरुष आहे. स्वयंपाकघरातला पाटा पुरुष, वरवंटाही पुरुष. पण या दोघा पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्या पुरुषाचा हात म्हणून लागला नाही.

थोडे बारकाईने पाहिले तर एक सूत्र मात्र हाती लागते. जे मोठे, जड, दणकट ते पुल्लिंगी. जे लहान, हलके, हातापुरते ते स्त्रीलिंगी. हातोडा आणि हातोडी, सुरा आणि सुरी, कोयता आणि कोयती, दांडा आणि दांडी. लोहाराच्या ऐरणीवर पडतो तो हातोडा आणि घरात तसबिरीसाठी खिळा ठोकायला शेजारून मागून आणतात ती हातोडी. ही वाटणी कोणी बैठक घालून केली नसणार. पण हत्याराचे वजन आणि माणसाची जात यांची गाठ बोलणाऱ्यांच्या मनात केव्हातरी बसली, ती अजून सुटलेली नाही.

यात राग धरण्यासारखे काही नाही. हातोडीला अपमान वाटत नाही आणि वरवंट्याला लाज वाटत नाही. अडचण सुरू होते ती ते हत्यार कोणाच्या हातात आहे हे लिहिण्याची वेळ येते तेव्हा.

माझा धंदाच हे लिहिण्याचा आहे. नवीन यंत्राच्या खोक्यात एक माहितीपुस्तिका येते आणि बहुतेक घरांत ती खोक्याच्या तळाशीच राहते. अशा पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम मी पंचवीसएक वर्षे करते आहे. मिक्सर, पाण्याचे पंप, कडबा कापायची यंत्रे, शिलाई यंत्रे, घरगुती गिरण्या, आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर उमटणारी एकेक ओळीची वाक्ये. हे काम कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यामुळेच असेल, पण या पुस्तिकांत समाजाचे मन फार उघडे पडलेले दिसते. मिक्सरच्या पुस्तिकेत ‘गृहिणींनी’ असे लिहिलेले असते. त्याच पुस्तिकेच्या शेवटी मिक्सर बिघडला की ‘तंत्रज्ञाला बोलवावे, तो’ असे सुरू होते. पंपाच्या पुस्तिकेत ‘शेतकरी’ असतो, आणि तोही ‘तो’. शेतात कमरेत वाकून खुरपणारी बाई कोण, हा प्रश्न पंपाला पडत नाही. मोबाइलमध्ये तर ‘वापरकर्ता’ नावाचा एक कायमचा पुरुष वस्तीला आला आहे. आपल्याकडे घरातल्या मिळवत्या माणसाला ‘कर्ता पुरुष’ म्हणतात. त्याच कर्त्याने आता फोनही हातात घेतला इतकेच.

आता कोणी म्हणेल, शब्दाने काय होते? वाचणाऱ्याला अर्थ कळला म्हणजे झाले. हे म्हणणे मी पुष्कळदा ऐकले आहे आणि बराच काळ मलाही ते पटण्यासारखे वाटत असे. ते पटेनासे कशाने झाले, ते सांगते.

एका कंपनीच्या गिरणीची पुस्तिका माझ्याकडे आली होती. दळण दळायची, पट्ट्यावर चालणारी, गावातल्या बचत गटांना परवडेल अशी गिरणी. सुरक्षिततेच्या पानावर मूळ इंग्रजीत असे होते की चालकाने सैल सदरा घालू नये, बाह्या दुमडून घ्याव्यात आणि गळ्यातला टाय काढून ठेवावा. टाय! मी ते सारे इमानाने मराठीत आणले, आणि पुस्तिका छापायला जाण्यापूर्वी जुन्नरकडच्या एका गावात, जिथे ती गिरणी आधीच चालत होती, तिथे वाचून दाखवायला गेले. माझा तो रिवाज आहे. गटातल्या बायकांनी सगळे ऐकून घेतले. मग त्यांतली एक म्हणाली, “ताई, ह्यात सदऱ्याचं लिवलंय. आमच्याकडं सदरेवाले दळणाला हात लावत न्हाईत. पदराचं काय लिवलं न्हाई का?”

पुस्तिकेत पदराचे काही नव्हते, वेणीचे नव्हते, बांगड्यांचे नव्हते, मंगळसूत्राचे नव्हते. त्याच बाईच्या जावेचा पदर आदल्या साली फिरत्या पट्ट्यात ओढला गेला होता. लुगडे जुने होते, विरले होते, म्हणून फाटले आणि ती वाचली. नवे असते तर काय झाले असते, हे कोणी बोलले नाही. तिने मला फाटलेला पदर दाखवला. तो तिने फेकला नव्हता, त्याचे हातपुसणे केले होते.

मी पुण्यास परत आले आणि पुस्तिकेत एक ओळ घातली: ‘पदर कमरेला घट्ट खोचावा, वेणी बांधून आत घ्यावी, बांगड्या मागे साराव्यात.’ कंपनीच्या कचेरीतून फोन आला. साहेब सभ्य होते. म्हणाले, “बाई, हे वाक्य मुळात नाही. आणि ‘चालक’ म्हटलं म्हणजे त्यात बायकाही आल्याच की.”

‘आल्याच की.’ या दोन शब्दांचा इतिहास मोठा आहे, आणि तो व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा कायद्याच्या पुस्तकात जास्त सापडतो.

इंग्लंडच्या पार्लमेंटने १८५० साली एक कायदा केला. त्याचा उद्देश स्त्रियांचे कल्याण हा मुळीच नव्हता. कायद्यांची भाषा आटोपशीर करावी, एवढाच होता. प्रत्येक ठिकाणी ‘तो किंवा ती’ लिहीत बसण्यापेक्षा एकदाच ठरवून टाकले की पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंगही धरावे. शाई वाचली. पुढे १८६७ साली मतदानाचा हक्क वाढवणारा कायदा आला, त्यात ‘मॅन’ असा शब्द होता. मँचेस्टरच्या पाच हजारांवर स्त्रियांनी म्हटले की पुल्लिंगात आम्ही आलोच आहोत, तेव्हा आमची नावे मतदारयादीत घाला. १८६८ साली कोर्टाने निकाल दिला की नाही, इथे तुम्ही येत नाही. करांचा आणि दंडाचा प्रश्न असला की ‘तो’ म्हणजे ‘ती’सुद्धा, मताचा प्रश्न आला की ‘तो’ म्हणजे फक्त ‘तो’.

हा नमुना समुद्र ओलांडून आपल्याकडेही आला. १८६० च्या दंडसंहितेत ‘तो’ हे सर्वनाम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे असे सांगितलेले होते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्येही पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धराव्यात असे आहे, मात्र विषयाला किंवा संदर्भाला ते विसंगत नसेल तर. ही ‘विसंगत नसेल तर’ची फट लहान दिसते, पण तिच्यातून आख्खे घर बाहेर जाऊ शकते. रेजिना गुहा यांनी कलकत्त्यात कायद्याची पदवी घेतली आणि वकिलीसाठी अर्ज केला. १९१६ साली उच्च न्यायालयाने तो नाकारला. कायद्यातल्या वकिलांत बाई बसत नाही. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे आपल्या कोर्टांची दारे त्यांना पुरती उघडली नाहीत. शेवटी १९२३ साली स्त्रियांना वकिली करण्यास मनाई नाही असे सांगणारा एक स्वतंत्र कायदा करावा लागला. पुल्लिंगात त्या आल्याच होत्या, तर तो कशाला हवा होता?

जाता जाता सांगायचे, तर दंडसंहितेच्या जागी जी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या इंग्रजी पाठात ते जुने ‘तो’ अजून आहे. फक्त आता त्यात पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी असे तिघे धरायचे आहेत. एकाच खोलीत बिऱ्हाडे वाढत चालली आहेत. दारावरची पाटी मात्र बदललेली नाही.

यंत्रांच्या जगात हा ‘तो’ नुसता शब्द राहत नाही, त्याला अंग फुटते. मोटारीच्या अपघातात माणसाचे काय होते हे पाहण्यासाठी कारखान्यांत पुतळे बसवून मोटारी भिंतीवर आदळतात. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध पुतळा १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत तयार झाला. तो सरासरी अमेरिकन पुरुषाच्या मापाचा, सुमारे ७८ किलो वजनाचा. पट्टे, उशा, बैठका कितीतरी वर्षे त्याच्याच हाडांवर पारखल्या गेल्या. बाईचा म्हणून जो पुतळा आला तोही मुख्यतः त्याच पुरुषाला आखडून केलेला. ‘प्रवासी’ म्हटले म्हणजे त्यात बायका आल्याच, असे तिथेही कोणीतरी म्हटले असेल.

इंग्रजीवाल्यांनी यावर काढलेला तोडगा आता सर्वांना माहीत आहे. माणूस कोण ते ठाऊक नसेल तर ‘ही’ किंवा ‘शी’ न म्हणता ‘दे’ म्हणावे. हे काही नवीन खूळ नव्हे. इंग्रजीत ते काही शतके बोलले जात होते, मधल्या काळात शाळामास्तरांनी त्याला अशुद्ध ठरवले होते. २०१९ साली मेरियम-वेबस्टर या कोशाने तर त्या ‘दे’ला वर्षाचा शब्द म्हणून निवडले. स्वीडनमध्ये ‘हेन’ असे एक नवे सर्वनाम २०१५ साली त्यांच्या अकादमीच्या शब्दकोशात गेले. हे सारे वाचून आपल्याकडचे काही उत्साही लोक ‘तो/ती’, ‘वापरकर्ता/वापरकर्ती’, ‘त्याने/तिने’ असे लिहू लागले आहेत. हेतू चांगला आहे. परंतु ती मधली तिरपी रेघ मला बघवत नाही. वाक्यात ती खड्यासारखी दातांखाली येते, आणि मोठ्याने वाचताना तिचे काय करावे ते कळत नाही. जे वाक्य गिरणीशेजारच्या ओट्यावर बसून वाचून दाखवता येत नाही, ते माझ्या धंद्यात निरुपयोगी.

गंमत अशी की मराठीला या उसनवारीची गरजच नव्हती. दारावर थाप पडली की आपण आतून काय विचारतो? ‘कोण आलंय?’ ‘कोण आला आहे’ असे म्हणत नाही, ‘कोण आली आहे’ असेही नाही. कोणी आलं होतं का, कुणीतरी हाक मारतंय, कोण बोलतंय फोनवर? माणूस अजून दिसलेले नाही, तोवर मराठी त्याला नपुंसकलिंगात ठेवते. दार उघडेपर्यंत ती थांबते. एवढा सभ्यपणा फार थोड्या भाषांत असेल. हिंदीला विचारा; ती दाराआडूनच ‘कौन आया है’ म्हणून मोकळी होते. नवराबायको जोडीने आली की आपण ‘ती दोघं आली’ म्हणतो. तिथेही नवऱ्याचे लिंग बायकोवर लादले जात नाही, दोघांसाठी तिसरेच वापरले जाते. मुलगे आणि मुली मिळून ‘मुलं’ होतात. जत्रेला ‘माणसं’ जमतात. हे कोणत्या समितीने ठरवले नाही. आपल्या आज्यापणज्या असेच बोलत आल्या.

आणि शाळेत घोकलेले ते प्रयोग वाचकांना आठवत असतील. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याकडे पाहून चालते: तो दाबतो, ती दाबते. कर्मणीत ते कर्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही, कर्माकडे पाहते. त्याने कळ दाबली, तिने कळ दाबली. ‘दाबली’ हे स्त्रीलिंग कळीचे आहे, दाबणाऱ्या माणसाचे नव्हे. आणि ‘कळ दाबावी, खटका ओढावा, झाकण उघडावे’ असे विध्यर्थी लिहिले की कर्ता वाक्यात यायचेही कारण उरत नाही. वस्तूंना त्यांची त्यांची लिंगे मिळतात आणि माणूस मोकळा राहतो. आदराने बोलायचे तर ‘त्यांनी तपासले’ म्हणावे. त्यात डॉक्टरीणबाई आहेत की डॉक्टरसाहेब, हे ऐकणाऱ्यास कळत नाही.

ही यंत्रपुस्तिकेची भाषा आपल्याकडे फार जुनी आहे, फक्त तिला कोणी तांत्रिक लेखन म्हटले नाही. आपल्या पाककृती याच भाषेत लिहिल्या गेल्या. डाळ धुऊन निथळत ठेवावी, रवा मंद आचेवर तांबूस भाजावा, पाक दोनतारी करावा. माप, वेळ, उष्णतेची खूण, बिघडले तर काय करावे, सारे काही त्यात असते, आणि चकलीचा सोऱ्या हे काही कमी नाठाळ यंत्र नव्हे. यंदाही घरोघरी तो फिरला असेलच. चकल्या मऊ का पडल्या याचे निदान करणाऱ्या बाईंइतके तर्कशुद्ध लेखन मला मोठमोठ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत क्वचितच आढळले आहे.

मी हे सारे मोठ्या उत्साहाने आमच्या नानांना सांगितले. नाना म्हणजे आमच्या वाड्यातले निवृत्त प्राध्यापक. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “अगं, व्याकरणातलं लिंग वेगळं आणि माणसाचं वेगळं. ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. ‘ती व्यक्ती’ म्हणतात. म्हणून मी काय लुगडं नेसू?”

नानांचा मुद्दा खरा आहे, आणि तो मला वाटला त्याहून खोल निघाला. मी त्यांना विचारले, “नाना, ‘एक व्यक्ती खांबावर चढून तारा दुरुस्त करत होती’ असं वाक्य आहे. डोळ्यांपुढे कोण येतं?” नाना थोडे थांबले. “वायरमन,” ते म्हणाले, आणि हसले. “वायरमनच आला, बघ.”

वाक्यात ‘ती’ आहे, ‘होती’ आहे, तरी खांबावर चढला तो पुरुष! म्हणजे कर्ता लपवला की काम झाले, असे नाही. आपण जागा मोकळी ठेवतो खरी; पण मोकळ्या जागेत वाचणाऱ्याचे मन नेहमीच्या माणसालाच नेऊन बसवते. भाषांतर करणाऱ्या यंत्रांनी हे अगदी उघड करून दाखवले. तुर्की भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ या दोघांना मिळून ‘ओ’ असे एकच सर्वनाम आहे, जसे बंगालीत ‘शे’. तुर्कीतले ‘ओ डॉक्टर आहे’ हे वाक्य यंत्रात घातले की इंग्रजीत ‘तो डॉक्टर आहे’ होऊन येई, आणि ‘ओ परिचारिका आहे’चे ‘ती परिचारिका आहे’. यंत्राला कोणी हे शिकवायला बसले नव्हते. माणसांनी आजवर लिहून ठेवलेले ढीगभर वाचून ते शिकले होते. गूगलने २०१८ च्या अखेरीस अशा तुर्की वाक्यांना दोन्ही उत्तरे दाखवायला सुरुवात केली. ते चांगलेच झाले. पण त्या एका ‘ओ’ने तोवर आपल्या सगळ्यांची झडती घेतली होती.

लपवण्यात आणखी एक धोका आहे, तो मला जास्त सलतो. १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत फिलाडेल्फियाला ‘एनिअ‍ॅक’ नावाचा अगडबंब संगणक जगाला दाखवण्यात आला. तो चालवण्याची आज्ञावली सहा स्त्रियांनी जुळवली होती: कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्या आधी ‘कंप्यूटर’ हे सहसा यंत्राचे नावही नव्हते. कागदावर आकडेमोड करणाऱ्या माणसांच्या हुद्द्याचे ते नाव होते, आणि तो हुद्दा सांभाळणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. यंत्र आले, हुद्द्याचे नाव यंत्राने घेतले. समारंभात त्या सहाजणींची ओळख कोणी करून दिली नाही आणि पुढे कित्येक दशके त्यांची नावे कोणास ठाऊक नव्हती. ‘आज्ञावली तयार करण्यात आली’ हे वाक्य कर्मणी आहे, निर्दोष आहे, कोणावर अन्याय करणारे दिसत नाही. त्या वाक्यात सहा बायका नाहीशा होऊ शकतात.

म्हणून आता मी माझ्यापुरती अशी वहिवाट पाडली आहे: आज्ञा द्यायची असेल तिथे कर्ता ठेवत नाही. उदाहरण द्यायचे असेल तिथे मात्र नाव घालते. ‘समजा, सुनंदाबाईंना पाच अश्वशक्तीचा पंप बसवायचा आहे’ असे लिहिते. ‘समजा, दत्तूला कुकरची शिट्टी साफ करायची आहे’ असेही लिहिते. दत्तूच्या वाक्यावर एकदा छापखान्यातून विचारणा झाली होती, की बाई, नाव चुकले आहे काय?

तिसऱ्या लिंगाचे मी एवढे कौतुक केले, तेव्हा त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गोव्यात आणि आमच्या दक्षिण कोकणात लग्न न झालेल्या पोरीला नपुंसकलिंगात बोलतात: चेडूं, तें आयलें. त्यात माया आहे, पण ‘अजून बाई झालेली नाही’ असा एक निवाडाही आहे. आणि जी माणसे स्त्री-पुरुष या दोन खणांत बसत नाहीत, ज्यांना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तिसरे लिंग म्हणून मान्यता दिली, त्यांना ‘ते’ म्हणून संबोधणे हा तोडगा कागदावर सोपा दिसतो. पण त्या लिंगाचे व्याकरणातले नावच आपण शिवी म्हणून वापरत आलो, त्याचे काय? माझ्या ओळखीच्या एक तृतीयपंथी शिलाईचे दुकान चालवतात. मी त्यांच्याकडे शिलाई यंत्राची पुस्तिका वाचून दाखवायला गेले, तेव्हा कसे संबोधू म्हणून विचारले. “ताई म्हणा की,” त्या म्हणाल्या. “सगळं गाव म्हणतं.” दाराआड असेतोवर ‘कोण आलंय’ ठीक, दार उघडल्यावर समोरच्या माणसाला विचारावे.

एका ठिकाणी मात्र मराठी मला सोडवत नाही. हल्ली यंत्रे स्वतःबद्दल बोलू लागली आहेत. ‘मी मदत करीन’ यात लिंग नाही, ‘मी मदत केली’ यातही नाही. पण ‘मी मदत करते’ की ‘करतो’? वर्तमानकाळात मराठी ‘मी’ला पळवाट ठेवत नाही. (कोल्हापूरकडच्या मुली खुशाल ‘मी येतो’ म्हणतात, पण कंपनीला कोल्हापुरी कोण समजावणार?) माझ्याकडे जी वाक्ये आली, त्यांत मदतनीस यंत्राला ‘करते’च द्यावे अशी सूचना होती. आवाजही बाईचा. जगभरही बहुधा असेच दिसत आले आहे. २०१९ साली युनेस्कोने त्यावर एक अहवालच काढला. वापरकर्ता ‘तो’, आणि त्याची हाक येताच न थकता, न रागावता ‘हो, सांगा’ म्हणणारी यंत्रातली ती ‘ती’! घरातली जुनी मांडणी जशीच्या तशी काचेआड गेली. मी कळवले की सगळी वाक्ये भविष्यकाळात नेता येतील, ‘शोधते’ऐवजी ‘शोधून देईन’, ‘पाहते’ऐवजी ‘पाहू या’. त्यांतली निम्मीअधिक त्यांनी घेतली. ‘ऐकते आहे’ हे मात्र तसेच राहिले.

आणि पदराची ती ओळ? ती पहिल्या छपाईत आली नाही. मी ती वेगळ्या चतकोर कागदावर लिहून त्या गटाकडे पाठवली, त्यांनी ती गिरणीच्या मागच्या भिंतीवर खळीने डकवली. पुढल्या छपाईच्या वेळी साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी काही न बोलता ती आत घेतली. टायचे वाक्यही त्यांनी ठेवले.

सध्या माझ्या टेबलावर फवारणीच्या ड्रोनची पुस्तिका आहे. बायकांच्या बचत गटांना ड्रोन देण्याची सरकारी योजना २०२३ साली आली, तिचे नाव ‘नमो ड्रोन दीदी’. पुरुष उडवतो तेव्हा तो पायलट आणि बाईने उडवला की ती दीदी, याची मौज वाटते. पण शिकायला येणाऱ्या बायकांना त्या नावाचा अभिमान आहे, तेव्हा मी तिथे शहाणपण शिकवणार नाही. इंग्रजी मूळ पाहिले. त्यात सैल कपड्यांविषयी एकच ओळ आहे. माझ्या कच्च्या खर्ड्यात ती अशी झाली आहे: ‘पंखे फिरत असताना जवळ जाऊ नये. पदर, ओढणी, गमछा, उपरणे, टोपीचा बंद, मोकळे केस, गळ्यातील माळ, ताईत किंवा मंगळसूत्र आधी आवरून घ्यावे. लुंगी असल्यास खोचावी.’ ओळी जागेत मावत नाहीत असे छापखान्यातून कळवले आहे. टोपीचा बंद काढता येईल. बाकीचे मी ठेवते आहे, अक्षर थोडे बारीक करा म्हणून सांगितले आहे.